हँडल जवळ आणि उंच घ्यायचे आहे, पण सुरुवात कुठून करावी? (बधिर होणारी बोटे, राइजर आणि लिव्हरचा कोन)

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. मी चिपळूणला राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून किमान दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला मोटरसायकलने जातो. गाडी दीडशे सीसीची, एकाच नळीचे सरळ हँडल असलेली आहे. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नाही. माझी उंची १८३ सेंमी आहे आणि माझा व तिचा मापाचा मेळ बसत नाही, एवढीच अडचण आहे.

सुमारे तासाभराने उजव्या हाताची करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागते आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीच्या वरच्या भागात, दुखू लागते. हेळवाकला चहासाठी थांबतो तेव्हा कपाचा कान धरला आहे की नाही हे त्या दोन बोटांना कळत नाही, इतकी ती सुन्न झालेली असतात. पाचसात मिनिटांत संवेदना परत येते, पण पुढे अर्ध्या तासात पुन्हा तोच प्रकार.

एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी हँडलखाली ५० मिमी उंचीचे राइजर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, बसवून घेतले. बसणे खरोखर सुखाचे झाले. मात्र दुसऱ्याच दिवशी घाटातल्या एका अरुंद जागी गाडी वळवून घेताना हँडल पूर्ण डावीकडे नेले आणि मूठ न पिळताच इंजिनाची रेस वाढली. क्लच दाबलेला होता म्हणून निभावले. त्याच संध्याकाळी मी ते राइजर काढून टाकले. आता प्रश्न असा आहे की, हँडल अंगाला जुळवून घेण्याचा योग्य क्रम कोणता, कोणती गोष्ट घरी करता येते आणि कोणती जाणकाराकडेच करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाना_पक्कड

नमस्कार दादा. तुम्ही राइजर लगेच उतरवलेत हे फार चांगले केले. अशा वेळी लोक आयडलिंगचा स्क्रू कमी करून रेस दाबून टाकतात आणि दुखणे तसेच राहते. झाले ते असे: हँडल ५० मिमीने वर गेले, पण अॅक्सिलरेटरची वायर होती तेवढ्याच लांबीची राहिली. हँडल डावीकडे वळवले की उजवी मूठ पुढे जाते, वायरला लागणारे अंतर वाढते, आणि ढील उरलेली नसल्यामुळे हँडल स्वतःच वायर ओढते. ब्रेकच्या नळीवरही तसाच ताण आला असण्याची शक्यता आहे, म्हणून ती दोन्ही टोकांना, जोडापाशी, नीट पाहून घ्या. तिथे भेग, फुगवटा किंवा ओल दिसली तर नळी बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

आता क्रमाविषयी. गॅरेजमध्ये हँडलची तक्रार घेऊन कोणी आले की मी प्रथम हँडलला हात लावत नाही. पुढच्या चाकातली हवा पाहतो आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंगची जोडी, तपासतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलायचे आणि दोन बोटांनी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचे. ते मधोमध आल्यावर खाचेत अडकल्यासारखे थबकत असेल, तर कोनसेट झिजला आहे. असे हँडल सरळ रेषेत ठेवण्यासाठी चालक नकळत मुठी आवळून धरतो आणि संध्याकाळी हात भरून येतात. अशा गाडीला कितीही चांगले हँडल लावले तरी आराम पडणार नाही.

ते ठीक असेल तर माप घ्या. त्यासाठी एका माणसाची मदत लागते. गाडी मेन स्टँडवर असताना नेहमीसारखे बसा, पाय फुटरेस्टवर ठेवा, खांदे सैल सोडा, डोळे मिटा आणि हँडल जिथे असावेसे वाटते तिथे हात न्या. मदतनीसाने त्या जागी एखादी काठी तुमच्या दोन्ही तळव्यांत द्यावी, आणि ती काठी व प्रत्यक्ष मुठी यांच्यातील अंतर उभे किती व आडवे किती, हे शिंप्याच्या मोजपट्टीने मोजावे. हे तीन वेळा करा. बहुतेकांना वाटते की आपल्याला हँडल चार बोटे वर हवे आहे. मोजल्यावर ते दोन बोटे मागे आणि जेमतेम एक बोट वर भरते.

हे उभे व आडवे वेगवेगळे मोजण्याला कारण आहे. क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडल मधोमध घट्ट धरणाऱ्या पकडीत, हँडल नुसते मागे फिरवल्याने मुठी तुमच्याकडे येतात, पण त्याच वेळी खालीही जातात. समजा, क्लॅम्पपासून मुठी ८० मिमी वर आणि १०० मिमी मागे आहेत. हँडल ५ अंशांनी मागे फिरवले तर मुठी सुमारे ७ मिमी मागे येतील आणि सुमारे ९ मिमी खाली जातील. म्हणजे ज्याला जवळ आणि उंच असे दोन्ही हवे आहे, त्याचे काम नुसत्या फिरवण्याने होत नाही. उलट राइजरचे असे की, क्लॅम्पची बैठक पुढच्या शॉकअपच्या दिशेत, म्हणजे मागे कललेली असते. तो कल २५ अंशांचा धरला, तर २५ मिमीचा सरळ राइजर मुठी सुमारे २३ मिमी वर आणि १० मिमीच्या आसपास मागे आणतो. तुमच्या उंचीच्या माणसाला बहुधा हेच हवे असते, आणि पुष्कळ गाड्यांवर २० ते २५ मिमीपर्यंत मूळ वायरी व मूळ नळी पुरतात. तुमच्या गाडीवर त्या पुरतील की नाही हे मात्र बसवून, दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिल्याखेरीज कोणीही सांगू शकत नाही. ५० मिमीला लांब वायरी आणि लांब नळी घ्यावी लागणार, हे धरूनच चालावे.

राइजर घेण्याआधी, एक पैसाही खर्च न करता, क्लॅम्प सैल करून हँडल थोडे फिरवून पाहा. मूळ जागी हँडलवर आणि क्लॅम्पवर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, म्हणजे परत यायचे झाले तर अंदाज बांधावा लागणार नाही. पुष्कळ हँडलांवर कंपनीचा एक बारीक ठिपका ठोकलेला असतो आणि तो क्लॅम्पच्या दोन भागांच्या सांध्याशी जुळलेला असतो. रेघ ओढण्याआधी तोही शोधून ठेवा. टाकीवर जाड, ओला कपडा अंथरा, कारण पाना निसटला तर पोचा टाकीलाच येतो आणि ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर रंग उठतो. बोल्ट पूर्ण काढू नका. हँडल जोर लावून फिरेल एवढेच सैल करा. एका वेळी दोनतीन अंशांपेक्षा अधिक फिरवू नका.

आवळण्याची पद्धत गाडीगणिक वेगळी असते. काही क्लॅम्पच्या टोपीवर बाण किंवा ठिपका असतो. ती खूण पुढे ठेवून पुढचे बोल्ट आधी पूर्ण आवळायचे आणि मग मागचे, असे केल्यावर फट फक्त मागे उरते. काहींमध्ये पुढे आणि मागे सारखीच फट ठेवायची असते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे दिले असेल तेच करा. ८ मिमी बोल्टला साधारणपणे २० ते २५ न्यूटन मीटर इतका जोर लागतो, पण इथेही पुस्तिकेतला आकडाच खरा मानावा. टॉर्कचा पाना नसेल तर हे शेवटचे आवळणे गॅरेजमध्ये करून घ्या. अॅल्युमिनियमच्या आट्या जास्त आवळल्याने निघून आलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या निघाल्या की वरची टी, म्हणजे शॉकअपच्या नळ्या आणि हँडल धरणारा वरचा भागच, बदलावी लागते.

वाशिष्ठीकाठ

आपण एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मुलीला काठी आणि मोजपट्टी घेऊन उभे केले. तीन वेळच्या मापांची सरासरी २० मिमी वर आणि १५ मिमी मागे अशी आली. मी मात्र स्वतःहून ५० मिमी मागितले होते. कोनसेट मोकळा आहे, पुढची हवा कमी होती. एक शंका आहे. हँडल मागे फिरवून पाहिल्यावर क्लच आणि ब्रेकचे लिव्हरही वर उचलल्यासारखे वाटतात. ते तसेच ठेवावेत का?

मनगट_सांभाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः रोज मोटरसायकल चालवते. या शंकेचे उत्तर मी देते, कारण माझ्या मते आपल्या बधिर बोटांचा संबंध हँडलच्या उंचीइतकाच लिव्हरच्या कोनाशी आहे.

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू यांची संवेदना अल्नर नावाच्या नसेकडे असते. ती तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याजवळून, मनगटाच्या अगदी वरवरून जाते. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची उरलेली बाजू मीडियन नसेकडे असते. आपण लिहिलेली बोटे पहिल्या नसेची आहेत, म्हणजे शरीराचा भार तळहाताच्या बाहेरच्या कडेवर येतो आहे असा तर्क करता येतो. हँडल दूर आणि खाली असले की माणूस पुढे झुकतो, कोपरे ताठ होतात आणि धडाचे वजन हातांवर येते; त्यात मुठीतून येणारी थरथर मिळते. उजवा हात अधिक सुन्न होतो, कारण डावा हात अधूनमधून मोकळा सोडता येतो, उजव्याला मात्र मूठ पिळून तासन्‌तास तसेच राहावे लागते.

लिव्हरचा कोन असा ठरवावा. गाडीवर नेहमीसारखे बसून कोपरे किंचित वाकलेली ठेवा आणि बोटे सरळ करून लिव्हरवर टेकवा. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत एकच सरळ रेषा आली पाहिजे. लिव्हर फार वर असेल तर बोटे उचलावी लागतात आणि मनगट मागे मोडते. फार खाली असेल तर मनगट पुढे दुमडते. दोन्ही स्थितींत नसेला जागा कमी पडते. उंच माणसाने हँडल वर घेतले की हाताची दिशा बदलते, त्यामुळे लिव्हर पुन्हा लावावेच लागतात. घाटात शंभर वेळा क्लच दाबावा लागतो, तेव्हा या दोनचार अंशांचा फरक संध्याकाळी कळतो.

मूठ धरण्याची सवयही तपासा. मूठ पूर्ण बंद असताना मनगट किंचित वर ठेवून धरले, तर नेहमीच्या वेगाला ती पिळल्यावर मनगट सरळ येते. बंद असतानाच मनगट सरळ ठेवले, तर पिळल्यावर ते खाली मोडते आणि प्रवासभर तसेच राहते. पाठीसाठी एवढेच सांगते की, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरायला शिका. धड पोटाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंनी तोलले तर हातांना फक्त दिशा देण्याचे काम उरते.

मात्र बधिरपणा गाडीवरून उतरल्यावरही राहू लागला, रात्री झोपेतून जाग आणू लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागली, तर हँडलचे प्रयोग थांबवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. मानेतल्या मणक्यांच्या तक्रारीतही हीच बोटे सुन्न होतात आणि ती तक्रार कोणत्याही राइजरने जात नाही.

पाना_पक्कड

ताईंनी फार उपयोगाचे लिहिले आहे. लिव्हर फिरवण्याच्या कामात मी दोन गोष्टींची भर घालतो.

ब्रेकच्या मास्टर सिलेंडरच्या क्लॅम्पवर बहुधा वरच्या दिशेची खूण असते. आधी वरचा बोल्ट पूर्ण आवळा आणि मग खालचा. ऑइलची डबी आडवी, झाकण वर असे राहिले पाहिजे. ती फार तिरकी झाली तर पातळी चुकीची दिसते आणि ऑइल कमी असताना हवा आत शिरण्याचा धोका राहतो.

दुसरी गोष्ट स्विचच्या डब्यांची. त्यांच्या आत वाटाण्याएवढाही नसलेला एक खुंटीसारखा दाणा असतो आणि तो हँडलला पाडलेल्या भोकात बसतो. सबंध हँडल फिरवले तर डबे सोबत फिरतात, पण तेच हँडल ठेवून फक्त डबा फिरवायला गेलात तर तो फिरत नाही. पुष्कळ जण तो दाणा कानसीने घासून टाकतात. अॅक्सिलरेटरच्या बाजूला असे कधीही करू नका. दाणा नसेल तर मूठ पिळताना अख्खा डबाच सरकू शकतो आणि वायर अडकते. नवे हँडल घेतले आणि त्याला भोक नसेल, तर योग्य जागी भोक पाडून घेणे हाच मार्ग आहे, आणि ते जाणत्या हाताचे काम आहे.

मुठींवर चढवायची ती जाड फोमची खोळही काढून टाका, लावली असेल तर. मूठ जाड झाली की ती धरायला अधिक जोर लागतो, आणि उजवीकडची खोळ सरकून डब्याला टेकली तर मूठ सोडल्यावर परत फिरत नाही.

सह्यघाट

मी लांबच्या प्रवासाच्या अनुभवावरून थोडे लिहितो. हँडल जितके उंच तितके बरे, हा समज मला मान्य नाही. ताठ बसले की हातांवरचा भार जातो खरा, पण तो सगळा माकडहाडावर येतो, आणि ८०-९० च्या वेगाला छातीवर येणारा वारा थोपवण्यासाठी माणूस पुन्हा हँडलला लोंबकळतो. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० या दोन गाड्यांचे ६४८ सीसीचे इंजिन एकच आहे. पहिलीला रुंद, उंच, एका नळीचे हँडल आहे आणि दुसरीला शॉकअपच्या नळ्यांना धरणारे दोन तुकड्यांचे, खाली असलेले हँडल आहे. त्यातही जीटीचे फुटरेस्ट मागे सरकवलेले आहेत. म्हणजे कंपनीनेही फक्त हँडल खाली नेले नाही, सीट, फुटरेस्ट आणि हँडल हा त्रिकोणच बदलला. आपण फक्त एक टोक हलवतो तेव्हा उरलेल्या दोन टोकांकडे बघावेच लागते. वाशिष्ठीकाठ, तुमची उंची पाहता सीटवर चार बोटे मागे सरकून बसता येते का आणि तेव्हा गुडघे टाकीच्या खाचेत बसतात का, हे एकदा पाहा.

ज्यांच्या गाडीला दोन तुकड्यांचे हँडल आहे, त्यांनी शॉकअपच्या नळ्या टीमधून वरखाली सरकवून उंची मिळवण्याचा प्रयत्न करू नये. त्याने गाडीची पुढची बाजू वरखाली होते आणि वळणात तिचा स्वभाव बदलतो.

कायद्याविषयीही एक वाक्य. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मूळ हँडलचा कोन बदलणे ही जुळवणी आहे. पण संपूर्ण वेगळ्या आकाराचे हँडल बसवण्याआधी गाडी वॉरंटीत असल्यास सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला लेखी विचारून ठेवावे, असे मला वाटते.

अदिती_१५५

माझी अडचण आपल्या उलट आहे, तरी इथे लिहिते, कारण उपाय त्याच क्रमाने सापडला. माझी उंची १५५ सेंमी आहे आणि भावाची गाडी मी चालवू लागले तेव्हा पूर्ण वळवताना बाहेरची मूठ हातातून सुटायची. सगळ्यांनी नवे, मागे वळलेले हँडल घ्यायला सांगितले. प्रत्यक्षात हँडल ४ अंश मागे फिरवले, क्लचची वायर जुळवून लिव्हरच्या टोकाला पुस्तिकेत दिलेली १० ते १५ मिमीची ढील ठेवली आणि ब्रेकचा लिव्हर मुठीच्या जवळ आणणारी चकती एका आकड्याने फिरवली. तेवढ्यात काम झाले. मात्र मागे फिरवल्यानंतर पूर्ण उजवीकडे वळवले असता उजव्या हाताचा अंगठा टाकी आणि मूठ यांच्यात चिमटला जात होता, म्हणून एक अंश परत पुढे घ्यावे लागले. हे फक्त गाडी उभी असताना, हातमोजे घालून पाहिल्यामुळे कळले.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण एका वेळी एकच बदल करून प्रत्येक बदलानंतर घाट चढून उतरायचा, असे ठरवले होते.

पहिल्या आठवड्यात फक्त हवा भरली, लिव्हर हातांच्या रेषेत आणले आणि मूठ धरण्याची सवय बदलली. बधिरपणा तासाऐवजी दीड तासाने येऊ लागला. दुसऱ्या आठवड्यात हँडल ३ अंश मागे फिरवले. खांद्यांना बरे वाटले, पण हात खाली गेल्याने बोटांना काहीच फरक पडला नाही, म्हणून नेलपॉलिशच्या रेघेवर परत आलो. तिसऱ्या आठवड्यात २० मिमीचे राइजर गॅरेजमध्ये, समोर उभे राहून बसवून घेतले. मेन स्टँडवर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवले. रेस हलली नाही. मागे एकाला बसवून पुढचे चाक अधांतरी केले आणि शॉकअप पूर्ण ताणलेले असतानाही ब्रेकची नळी सैल आहे ना, ते पाहिले. अॅक्सिलरेटरची वायर मात्र एका ठिकाणी टीच्या मागून येत होती आणि डावीकडे वळवताना ताणली जात होती; मिस्त्रींनी ती काढून हेडलाइटच्या मागच्या कडीतून नव्याने ओवली, तेव्हा ढील मिळाली.

परवा हेळवाकला कप धरला तेव्हा पाचही बोटांना तो गरम लागला. करंगळीच्या टोकाला थोडी झिणझिणी अजून आहे, म्हणून ताईंनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवून घेणार आहे. एकच विचारायचे राहिले : क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा कधी तपासावेत?

पाना_पक्कड

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर एकदा, गाडी थंड असताना, टॉर्कच्या पान्याने तपासून घ्या. फिरले तर मॅन्युअलच्या आकड्यापर्यंतच आवळा, त्यापुढे नाही. मग प्रत्येक सर्व्हिसिंगला. नवी ओवलेली वायर कडीला घासत नाही ना, हेही त्याच वेळी बघा, आणि आरसे पुन्हा लावून घ्या. हँडल वर गेल्यामुळे ते आता आभाळ दाखवत असतील.